पालथ्या पुंगळ्या

डॉक्टर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य म्हणजे, "तसंच उघडं ठेवा."

आम्ही जर्मनीत, बॉबलिंगेनला घर बघायला गेलो होतो. बेल वाजवून वाजवून नवऱ्याचं बोट दुखायला लागलं, दार काही कोणी उघडेना. शेवटी घराला वळसा घालून मागच्या बागेत गेलो. तिथे एका लाकडी शेडच्या सताड उघड्या दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. अंगात चामड्याचा एप्रन, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, आणि समोर शेगडीवर भांडं. भांड्यात चांदीसारखं काहीतरी लखलखत होतं. शेजारी जुन्या टॉवेलवर बंदुकीच्या गोळ्या वाळत घातल्यासारख्या पसरल्या होत्या. मी सदाशिव पेठेतली मुलगी. गोळी म्हणजे क्रोसीनची, एवढीच माझी ओळख. मी "अगं आई गं!" म्हणून आ वासला, तेव्हा म्हातारबुवांनी मास्क खाली ओढला आणि ते वाक्य म्हणाले. मग चार पावलांवरून माझ्या तोंडात बघून सांगितलं, "वर उजवीकडे दाढेत सिमेंट भरलंय. निघायला आलंय. आल्झो, तर मग, फ्लॅट बघायला आलात ना?"

परतताना मी नवऱ्याला निक्षून सांगितलं, की रस्त्यावर राहीन पण या घरात राहणार नाही. त्या महिन्यात पुरणपोळी खाताना दाढेतलं सिमेंट निघून हातात आलं. तोवर आम्ही त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो होतो, कारण स्टुटगार्टच्या आसपास भाड्याने घर मिळणं म्हणजे काय असतं ते जो शोधतो त्यालाच कळतं.

डॉक्टर दातांचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दवाखाना बंद केल्यावर त्यांनी सगळी हत्यारं केलरमधे, म्हणजे तळघरात, आणून मांडली होती. दातांचा तो वाकडा आरसा, टोकदार आकडे, छोटा तराजू, डोक्याला बांधायचा दिवा. माणसांचे दात संपले आणि या सगळ्याला त्यांनी काडतुसांच्या कामाला लावलं. शिसं ते टायरवाल्याकडच्या, चाकांना लावायच्या जुन्या वजनांतून वितळवून काढायचे, साच्यात ओतायचे, थंड झालेली गोळी बोटांत फिरवून बघायचे आणि काठ जरा खडबडीत लागला की "पुन्हा या" म्हणून परत भांड्यात टाकायचे. पास झालेल्या गोळ्यांना मेण लावायचे. त्या मेणाचा वास जिन्यातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि माझ्या उपम्याला लागायचा.

जर्मनीत हे सगळं कायदेशीर असतं, याचा मला बसलेला धक्का वेगळाच. म्हणजे रविवारी बाटल्या कचरापेटीत टाकल्या तर शेजारीण वर येऊन कान उपटते, आणि केलरमधे काडतुसं भरायला सरकार परवाना देतं! डॉक्टरांनी त्यासाठी रीतसर कोर्स केला होता, परीक्षा दिली होती. बंदूक पोलादी कपाटात, दारू कुलपात, आणि ती खोलीही कुलपात. आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, माणूस येऊन तपासून जायचा. त्याच्याही दातांबद्दल डॉक्टरांचं मत बरं नव्हतं.

"पण तुम्हाला या वयात बंदुकीची हौस कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"मला?" ते इतके दचकले की हातातला आरसा खाली ठेवला. "मला तर तो आवाज सहन होत नाही."

बंदूक होती डॉक्टरीणबाईंची. ठेंगण्या, गोल, केसांचा करकरीत बॉब केलेल्या, आणि दर गुरुवारी जंगलाच्या कडेला असलेल्या शुत्सेनहाउसमधे, म्हणजे नेमबाजांच्या क्लबमधे, अडीच हात लांबीची रायफल चालवणाऱ्या. रायफल त्यांच्या वडिलांची. लहानपणी वडिलांच्या शेजारी आडवं पडून त्या नेम धरायला शिकल्या होत्या. पुढे चेरीच्या झाडावरून शिडीसकट पडल्या, खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि सर्जनने सांगितलं की बंदुकीचा धक्का आता या खांद्याला चालणार नाही. बाईंनी रायफल कपाटात ठेवली आणि बोलणंच कमी केलं. डॉक्टर म्हणायचे, "घरात एवढी शांतता, की मला माझंच चावणं ऐकू यायला लागलं." मग साठी उलटलेल्या या माणसाने कोर्सला नाव घातलं. हळू जाणारी, खांद्याला नुसती टेकल्यासारखी वाटणारी काडतुसं बाजारात मिळत नाहीत, ती घरीच भरावी लागतात. शिवाय क्लबच्या बंद हॉलमधे तशीच मऊ, शिशाची गोळी चालते, जोरकस गोळीने तिथली मागची भिंत खराब होते. परवान्यासाठी जेवढे बार काढावे लागत तेवढे डॉक्टर डोळे मिटून काढायचे. बाकी सगळं बाईंसाठी.

मला हे समजलं तेव्हा मी चकित झाले. बायकोसाठी माणूस पिठलं करायला शिकतो हे मी ऐकलं होतं. काडतुसं भरायला शिकलेला हा पहिलाच.

कपडे धुण्याचं मशीन केलरमधे, डॉक्टरांच्या खोलीच्या शेजारी. कपडे वाळत घालता घालता दार उघडं असेल तर मी डोकावायचे. बोलायची मनाई होती. मधेच कोणी बोललं तर हातातली पुंगळी ते रिकामी करायचे, ती पुन्हा भरायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू मी ऑपरेशन चालू असताना आत आले. पण एकदा, काम सुरू व्हायच्या आधी, त्यांनी मला बोलावून सगळं दाखवलं.

लाकडाच्या ठोकळ्यावर पितळी पुंगळ्या ओळीने मांडलेल्या होत्या. पुंगळी म्हणजे काडतुसाचं कवच, पेनाच्या टोपणासारखं, पण जाड. "हिच्या तळाशी ही टिकली," ते म्हणाले. दिवाळीच्या पिस्तुलातली टिकली असते तशीच, जरा दणकट. "वर थोडीशी दारू. वर गोळी. बस."

मी आत पाहिलं. एवढ्या खोल पुंगळीत दारू अगदी तळाला, मोठ्या तपेल्यात मूठभर पोहे पडावेत तशी.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ते बोट उंच करून म्हणाले. "हीच पंचाईत. जोरकस काडतूस काठोकाठ भरतं, चूक झाली तर दारू सांडते, माणसाला कळतं. माझ्या मऊ काडतुसात दोनदा भरली तरी मावते. आणि एकदाही नाही भरली तरी बाहेरून तशीच दिसते. दोनदा भरली तर रायफल फुटते. नाही भरली, तर नुसती टिकली गोळीला ढकलते आणि गोळी नळीत मधेच अडकते. पुढची गोळी येते, तिला रस्ता बंद. मग तेव्हाही रायफलच फुटते." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "इथे. उजवा डोळा, गालाचं हाड, वरच्या सगळ्या दाढा. मी दाढा वाचवण्यात आयुष्य घालवलंय."

मी त्या वाक्यानंतर दोन दिवस जेवले नाही, असं नवरा अजून सांगतो. अतिशयोक्ती आहे. पण एक वेळ जेवले नाही हे खरं.

म्हणून डॉक्टरांची पद्धत होती. रिकामी पुंगळी पालथी. भरली की सुलटी, उभी. बायकोने मिटागएसनला, म्हणजे दुपारच्या जेवणाला, हाक मारली तर ती टाळायची त्यांची छाती नव्हती, काम अर्धवट सोडून वर जावंच लागायचं. परत आल्यावर एका नजरेत कळावं, उभी म्हणजे भरलेली, पालथी म्हणजे भरायची. आणि शेवटी, गोळी बसवण्याच्या आधी, कपाळाचा दिवा लावून, वाकडा आरसा धरून प्रत्येक पुंगळीत डोकावायचं. "बिटे वाइट ऑफ्नेन," म्हणजे "मोठा आ करा," असं ते प्रत्येकीला म्हणायचे. मला हसू यायचं. त्यांना यायचं नाही.

डॉक्टरीणबाईंचीही एक खोड होती. गुरुवारी दुपारी त्या काडतुसांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या आणि एकेक काडतूस कानाशी धरून हलवायच्या. आपण नारळ घेताना हलवून बघतो ना, तसं. "मला तो आवाज आवडतो," असं त्यांनी मला सांगितलं होतं. दारू तळाशी थोडीच, त्यामुळे ती आत बारीक खुळखुळते. डॉक्टरांना तो ऐकू यायचा नाही, त्यांच्या कानात यंत्र होतं. मी आपलं मनात म्हटलं, एकाला आरसा, एकीला खुळखुळा, देवाने जोडी बरोबर जमवली.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आल्या. डॉक्टरांनी जिन्यातच त्यांना गाठलं आणि "तोंड उघडा" म्हटलं. मी दुभाषी. सासूबाईंनी पदराने तोंड पुसून, लाजत उघडलं. डॉक्टरांनी मान तिरकी करून बघितलं आणि हात जोडले. "अप्रतिम! या वयात सगळे स्वतःचे दात! काय खाता?"

सासूबाईंची वरची पूर्ण कवळी आहे. लक्ष्मी रोडच्या डॉक्टरांनी बसवलेली. त्या रात्री जेवताना आम्ही पोट धरधरून हसलो. सासूबाई तर इतक्या खूष झाल्या की त्यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना शंकरपाळ्यांचा डबा पाठवला. हसलो आणि विसरून गेलो. चार पावलांवरून माझ्या दाढेतलं सिमेंट ओळखणारा माणूस कवळीला फसतो, याचं काही वाटायला हवं होतं की नाही? कोणालाच वाटलं नाही.

तो गुरुवार. मी ऑफिसमधून येऊन चहा टाकला होता. नवरा अजून स्टुटगार्टला. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या आणि दिवसभरात काय काय केलं ते सांगत होत्या. कपडे वाळत घातले, कडीपत्त्याच्या कुंडीला पाणी घातलं.

"आणि अगं, ते दातवाले जेवायला वर गेले होते, किल्ली दारातच. आत बघते तर पितळेच्या नळकांड्या मांडलेल्या. काय सुबक गं! पण निम्म्या पालथ्या. पितळेचं रिकामं भांडं पालथं घालू नये, आमच्याकडे चालत नाही, घरात काही टिकत नाही. मी आपल्या सगळ्या सुलट्या करून ठेवल्या. एकाही नळकांडीला धक्का लागू दिला नाही हो."

माझ्या हातातला कप सुटला. चहा पायावर पडला ते मला मागाहून कळलं.

"अहो आई," मी म्हटलं, "काय केलंत तुम्ही हे!"

"का गं? चुकलं?"

खाली धावले. दार बंद. गाडी नाही. बाईंच्या मोबाइलवर फोन केला, तो त्यांच्या स्वयंपाकघरात वाजला, दाराबाहेर ऐकू येत होता. क्लबमधे फोन न्यायचे नाहीत हा डॉक्टरांचाच नियम. क्लबचा नंबर कोणी उचलेना. मी सायकल काढली. जंगलाकडचा रस्ता चढाचा, मी एरवी तो चालत चढते. त्या दिवशी पायडल मारत होते आणि डोळ्यांसमोर डॉक्टरांचं ते बोट होतं. उजवा डोळा, गालाचं हाड, वरच्या सगळ्या दाढा. मनात मी स्वतःला समजावत होते, की ते आरशात बघतात, प्रत्येकीत बघतात, रिकामी असेल तर त्यांना दिसेलच. दिसेलच ना.

शुत्सेनहाउसमधे बिअरचा आणि बटाट्याच्या सॅलडचा वास, बाकावर दोन-तीन म्हातारे. त्यांच्या "हालो, हालो!"कडे न बघता मी आतलं जाड दार ढकललं. हॉल शांत होता. कोणी गोळी झाडत नव्हतं. डॉक्टरीणबाई खुर्चीवर सरळ बसल्या होत्या, चेहरा धडधाकट, दोन्ही डोळे जागेवर. मला रडूच आलं. रायफल त्यांनी समोर टेबलावर ठेवली होती. देखरेखीचा माणूस एक लांब पितळी सळई तिच्या नळीत पुढून घालत होता. सळई निम्मी गेली आणि थांबली. त्याने जरा दाबली. जाईना.

"गोळी अडकलीय," तो म्हणाला. मग तो डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टर, तुम्ही 'पुढची झाडा' म्हणत होतात."

डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. "मऊ काडतूस आहे. आवाज असाच बारीक येतो," ते म्हणाले, पण ते कोणाला सांगत होते कोण जाणे.

बार उडाल्याचा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता, नुसता फुस्स. बाईंनी रायफल तिथेच ठेवली होती आणि नवऱ्याने कितीही सांगितलं तरी पुन्हा उचलली नव्हती.

मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. माझ्या सासूबाई, दारातली किल्ली, पालथ्या पुंगळ्या सुलट्या. "तुमची चूक नाही, डॉक्टर! त्यांना माहीत नव्हतं!" बाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको, नको अशी. मला वाटलं त्यांना माझी दया आली. मी बोलतच राहिले.

माझं संपलं. देखरेखवाला सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "आल्झो, मग तर उलगडलं. कोणीतरी हात लावला होता."

डॉक्टरांनी हळूच मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "सासूबाईंचा काय संबंध. मी नंतर आरसा घेऊन प्रत्येकीत बघितलं. एकूण एक." ते थांबले. कानातलं यंत्र नीट केलं, जणू स्वतःचंच बोलणं त्यांना नीट ऐकायचं होतं. "मला सगळ्यांत दारू दिसली."

मला ती कवळी आठवली आणि अंगावर काटा आला.

घरी परतताना बाईंनी गाडी चालवली. डॉक्टर मागे बसले, माझी सायकल अर्धी डिकीत, अर्धी बाहेर. घराशी आल्यावर ते आत गेले. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या.

"मला ठाऊक होतं," त्या समोर बघत म्हणाल्या. "ते काडतूस मी दुपारी हलवून बघितलं होतं. आवाज नव्हता."

मला वाटलं, मला जर्मन कळेनासं झालंय. "तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही..."

"गेले काही महिने एखादं तरी मुकं निघायचं. मी गुपचूप काढून टाकायचे. डोळे तपासून घ्या म्हटलं की चिडायचे. म्हणायचे, मी आयुष्यभर अंधारात काम केलंय, तोंडात उजेड असतो का? आज पाहिलं तर डब्यात मुकीच मुकी. मी घाबरले. म्हटलं, आता माझ्या सांगण्याने होणार नाही. एक मुकं पहिल्यांदा घालायचं, आणि दुसरं घालायचंच नाही."

"आणि मी येऊन त्यांना सबब दिली," मी म्हटलं. तेव्हा कुठे मला त्यांची ती मान कळली.

"दिलीत," त्या म्हणाल्या. "त्यांनी घेतली नाही." आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा रडवेला झाला. मी त्यांचा ऑपरेशन न झालेला खांदा धरून बसले. हे सगळं एक बाई जाणूनबुजून, शांतपणे, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत करू शकते, हे आजही माझ्या पचनी पडलेलं नाही. मी चिडलेही होते त्यांच्यावर, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वर आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. सासूबाईंनी त्यांना बघताच रडायला सुरुवात केली. रात्रभर त्यांनी तेच केलं होतं. "त्यांना सांग गं, मला काय माहीत, मला क्षमा करा म्हणावं."

मी भाषांतर करायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." मग जरा घाईने, "बिटे."

सासूबाईंनी रडता रडता उघडलं. या वेळी त्यांनी नुसतं बघितलं नाही. हात धुतले, पुसले, आणि तर्जनी हलकेच त्यांच्या वरच्या दातांवरून फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या सासूबाई, ज्या परक्या पुरुषाच्या हातून चहाचा कपही न घेता तो टेबलावर ठेवला की मगच उचलतात, त्या गप्प उभ्या राहिल्या. बोट हिरडीपाशी थांबलं.

"प्रोथेसे," ते म्हणाले. म्हणजे कवळी.

"हो," मी म्हटलं.

"मी यांना शाबासकी दिली, तेव्हाही होती?"

"त्याच्या खूप आधीपासून."

त्यांनी मान डोलावली. सासूबाईंना लवून नमस्कार केला आणि म्हणाले, "यांना सांगा, शंकरपाळ्या मी खाल्ल्या. बायकोला एकही दिली नाही." मग जिना उतरताना कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर पाय चाचपून उतरले. इतके दिवस ते तसेच उतरत असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग होता, कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोरची रिकामी जागा मन आपणच भरून काढतं, असं तिथे त्यांना सांगितलं. परवाना त्यांनी आपण होऊन परत केला. बाईंनी रायफल पुन्हा कपाटात ठेवली. यावेळी घरात शांतता झाली नाही, कारण डॉक्टर दिवसभर त्यांना मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचायला लावायचे आणि प्रत्येक बातमीवर भांडायचे.

आता आम्ही एर्लांगेनला असतो. पण सासूबाई पुण्याला परतायच्या आदल्या दिवसाची गोष्ट आठवते. त्या शेवटचे कपडे काढायला केलरमधे गेल्या, मी मागोमाग गेले, कारण आता मी त्यांना तिथे एकटं सोडत नसे. खोलीचं दार उघडं होतं. आत दारू नाही, गोळ्या नाहीत, भांडं नाही. फक्त लाकडी ठोकळा, आणि त्यावर सगळ्या पुंगळ्या ओळीने, एकूण एक पालथ्या. डॉक्टरांनी हाताने चाचपून मांडल्या असणार, ओळ जरा तिरकी होती.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचा हात पुढे झाला, सवयीने. मग त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला.

"राहू देत गं," त्या म्हणाल्या, "पालथ्याच राहू देत."